पत्राला दुभाषी, हिशेबाला कुणी नाही

सात-आठ वर्षांचे एखादे पोर वहीच्या पानावर पत्र लिहिते. मी बरा आहे, आमच्याकडे पाऊस पडला, मी तिसरीत गेलो, आमच्या शेळीला दोन पिल्ले झाली. खाली घराचे चित्र, घरामागे दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य. हे पत्र गावातल्या केंद्रातून संस्थेच्या मोठ्या कचेरीत जाते. तिथे दुभाषी त्याचे इंग्रजी करतो, आणि मग ते समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या, कॅनडातल्या नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या घरी पोहोचते. तिथला सद्गृहस्थ दरमहा ठरावीक डॉलर भरत असतो. त्याच्यापाशी त्या पोराचा फोटो आहे, नाव आहे, इयत्ता आहे, आवडता खेळ आहे. तो उलट पत्र धाडतो, त्याचे मराठी किंवा कानडी होते आणि ते पोराच्या हाती पडते. 'चाइल्ड स्पॉन्सरशिप' म्हणतात ती हीच. आपल्याकडे तिला पालकत्व योजना म्हणण्याचा प्रघात आहे.

व्यवस्था गोड आहे, आणि तिची टिंगल करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. पण ह्या साऱ्या टपालात एका कागदाला आजवर दुभाषी मिळालेला नाही. ह्या मुलांच्या नावावर किती पैसा आला, त्यातला त्यांच्या गावात किती उतरला, आणि तो कशावर खर्च झाला, हे सांगणारा तो कागद. तो इंग्रजीत तयार होतो, इंग्रजीत तपासला जातो, दिल्लीला इंग्रजीत भरला जातो, आणि देणाऱ्याला गुळगुळीत रंगीत अहवालातून इंग्रजीतच दिसतो. ज्या पोराचा फोटो छापून तो पैसा उभा राहिला, त्याच्या आईला वाचता येईल अशा भाषेत, तिच्या गावच्या भिंतीवर, तो लागत नाही. ख्रिस्ती सेवासंस्थांशी माझे भांडण आहे ते एवढ्याच मुद्द्यावर. आणि ह्याच मुद्द्यावर त्यांच्या शत्रूंशीही माझे तितकेच भांडण आहे.

कारण आपल्याकडे हा विषय निघाला की दोन पक्ष तत्काळ आमनेसामने उभे राहतात. एक म्हणतो, घरदार सोडून रंजल्यागांजल्यांत राबणारी ही माणसे, त्यांना जमाखर्च विचारणारे आपण कोण? दुसरा म्हणतो, सेवा हे निमित्त, धर्मांतर हा धंदा. हिशेब कसला बघता, टाळे ठोका. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे वैरी. पण हिशेबाचा कागद वाचण्याची गरज नाही, ह्याबद्दल दोघांचे एकमत आहे!

आपल्या सीमाभागाला मिशनऱ्यांचे काम नवे नाही. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये ह्या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेला त्यांचे रुग्णालय उभे राहिले, आणि पुढे कित्येक पिढ्या 'मिरजेला न्या' हे आपल्याकडच्या आजारपणातले शेवटचे वाक्य होऊन बसले. कोडोली आणि वेंगुर्ले इथली मिशनची रुग्णालये त्याच माळेतली. त्यांच्या पैशाचा मूळ झरा अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळींच्या वर्गणीत होता, हे कुणापासून लपलेले नव्हते. पण तिथे देणेघेणे डोळ्यांदेखत चाले. ज्याला ऐपत त्याने फी भरायची, ज्याला नाही त्याला सवलत. ऑपरेशन झाले की नाही, रोगी उठून बसला की नाही, हे नातेवाईकांना दिसत होते. पालकत्व योजनेचे तसे नाही. इथे देणारा एका खंडात, घेणारा दुसऱ्या खंडात, आणि दोघांच्या मधे फक्त एक फोटो आणि एक संस्था.

ही कल्पना निघाली ती युद्ध आणि निर्वासित ह्यांच्या धामधुमीत. १९३८ मध्ये चीनमधल्या अनाथांसाठी एका अमेरिकन धर्मोपदेशकाने निधी काढला. त्याचाच पुढे 'ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड' झाला, आणि २००९ मध्ये नावातला 'ख्रिश्चन' शब्द गाळून तो 'चाइल्डफंड' बनला. १९५० मध्ये बॉब पिअर्स ह्यांनी 'वर्ल्ड व्हिजन' स्थापली, १९५२ मध्ये एव्हरेट स्वान्सन ह्यांच्या कामातून 'कम्पॅशन' उभी राहिली. दोघांच्याही डोळ्यांपुढे कोरियाच्या युद्धात पोरकी झालेली मुले होती. ह्या मंडळींनी माणसाच्या मनाची एक खूणगाठ अचूक ओळखली. दहा लाख भुकेल्यांचा आकडा ऐकून कुणाचे पाकीट उघडत नाही. एका पोराचा चेहरा दाखवला की उघडते. आणि एकदा उघडले की वर्षानुवर्षे उघडे राहते, कारण ओळखीच्या पोराला मधेच वाऱ्यावर कसे सोडायचे? देणगी मागण्याच्या कलेत ह्याहून यशस्वी युक्ती आजवर निघालेली नाही.

युक्ती म्हटले म्हणून कुणी रागावू नये. ह्या पैशातून भले होते. कम्पॅशनच्या कामाचा एक मोठा अभ्यास तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सहा देशांतल्या १०,१४४ जणांची माहिती त्यांनी तपासली. त्या सहांत भारतही होता. ज्यांना लहानपणी असे परदेशी पालक लाभले, त्यांचे शालेय शिक्षण इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्षाने अधिक झाले होते. ज्या घरात आजवर सातवीपुढे कुणी गेले नाही, त्या घराला हे वर्ष-दीड वर्ष किती मोलाचे असते, हे खेड्यात शिकवलेल्या मास्तरांना विचारा. तेव्हा सारे ढोंग आहे म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पचवावा.

पण भले होते म्हणून हिशेब माफ, हे कुठले गणित? फोटो एकाचा आणि पैसा सगळ्यांचा, ही ह्या योजनेतली पहिली गोम. देणाऱ्याला वाटते की आपले डॉलर त्या पोराच्या ताटात पडतात. वर्ल्ड व्हिजनसारख्या संस्थांत ते एकत्र होऊन त्या भागातल्या पाण्याच्या, शाळेच्या, आरोग्याच्या कामात जातात. माझ्या मते हेच शहाणपणाचे आहे. एकाच वाडीतल्या एका पोराला दप्तर आणि शेजारच्याला काही नाही, ह्यात शहाणपण ते काय? संस्था हे छापूनही सांगतात, पण बारीक अक्षरांत. मोठ्या अक्षरांत मात्र त्या पोराचे डोळे असतात. मार्च १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या बातमीदारांनी वेगवेगळ्या चार संस्थांकडून बारा मुले अशीच 'घेतली' आणि मग त्यांचा माग काढला. त्यांतली मालीतली एक मुलगी वीज पडून मेली होती, तरी तिच्या नावाने पैसे स्वीकारणे चालूच होते. ती संस्था ख्रिस्ती नव्हती, हे इथे मुद्दाम नोंदवतो. पण त्या चारांत 'ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड'ही होता. फोटोवर चालणाऱ्या कारभारात फोटोतले माणूस हयात आहे की नाही ह्याने टपाल अडत नाही, एवढे त्यातून जगाला दिसले.

दुसरी गोम अशी की, फोटोने बांधलेला पालक फोटोपलीकडच्या कारणाने पळूनही जातो. २४ मार्च २०१४ रोजी वर्ल्ड व्हिजनच्या अमेरिकन शाखेने जाहीर केले की, समलिंगी विवाह केलेल्या ख्रिस्ती व्यक्तींना यापुढे नोकरीस मनाई राहणार नाही. देणगीदारांत गहजब झाला आणि दोनच दिवसांत, २६ मार्चला, निर्णय मागे घेतला गेला. तेवढ्यात सुमारे दहा हजार मुलांचे पालकत्व रद्द झाले होते. हा आकडा शाखेच्या अध्यक्षांनीच दिला. त्या निर्णयाबद्दल कुणाचे काहीही मत असो. पण अमेरिकेतल्या कचेरीत कुणाला नोकरी द्यायची ह्या भांडणाची किंमत ज्या दहा हजार पोरांच्या नावावर पडली, त्यांना कुणी काही विचारले होते काय? २०१९ मध्ये ह्याच संस्थेने पालकाने मूल निवडण्याऐवजी मुलाने पालकांच्या फोटोंतून आपला पालक निवडावा अशी नवी पद्धत काढली. पोरांच्या हाती निवडीचा हक्क दिला म्हणून तिचे कौतुक झाले. फोटोंची बाजू बदलली. जमाखर्चाची वही होती तिथेच राहिली.

आता त्या वहीकडेच वळू. देणगीदार एकच प्रश्न विचारतो: शंभरातले किती गरिबापर्यंत जातात? संस्था उत्तर देते: ऐंशी, पंच्याऐंशी. हा आकडा कसा बनतो ते पाहण्यासारखे आहे. समजा एका संस्थेकडे रोख ऐंशी रुपये आले आणि कचेरीवर वीस खर्च झाले. म्हणजे चवथाई हिस्सा कचेरीने खाल्ला. आता एखाद्या कंपनीने तिला एकशेवीस रुपये किमतीचा माल फुकट दिला. हा माल जमेला पडतो आणि वाटला की खर्चालाही पडतो. एकूण उलाढाल दोनशे झाली, कचेरीचे वीस तेवढेच राहिले, पण प्रमाण उतरले दहा टक्क्यांवर! एक पैसाही काटकसर न करता संस्था काटकसरी झाली. बरे, त्या मालाची किंमत ठरवायची कुणी आणि कोणत्या भावाने? २०११ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पिट्सबर्गचा संघ हरला. तो जिंकेल म्हणून आधीच छापून ठेवलेले सदरे वगैरे कपडे, सुमारे एक लाख नग, वर्ल्ड व्हिजनमार्फत झांबिया, आर्मेनिया, निकाराग्वा आणि रुमानिया ह्या देशांत रवाना झाले. हरलेल्या संघाला विजेता म्हणणारा सदरा अमेरिकेत कुणी फुकटही अंगात घालणार नाही. आफ्रिकेत मात्र तो 'मदत' होतो. कायद्याने ह्यात गैर काही नाही. पण झांबियातल्या माणसाला विचारले असते, की बाबा रे, तुला हे सदरे हवेत की त्यांच्या वाहतुकीचा खर्च रोख हवा, तर त्याने काय उत्तर दिले असते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

ह्याहून गंभीर गोष्ट लायबेरियातली. तिथल्या यादवी युद्धानंतर अमेरिकन सरकारच्या पैशातून वर्ल्ड व्हिजन धान्यवाटपाचे काम करीत होती. २००५ ते २००७ ह्या काळात संस्थेच्याच स्थानिक कर्मचाऱ्यांनी ते धान्य विकले, मजुरांना स्वतःच्या घरांच्या बांधकामावर राबवले, आणि कागदोपत्री सारे गावोगाव वाटल्याचे दाखवले. संस्थेच्या अंतर्गत तपासणीत ९१ टक्क्यांपर्यंत मदत पोहोचलीच नसल्याचे दिसले. दहा लाख डॉलरांच्या वरचा हा घोटाळा; २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले. संस्थेने प्रकरण दाबले नाही, ही तिची जमेची बाजू, आणि ती मान्य केली पाहिजे. पण वाटप चालू असताना अहवाल वर जात होते, सह्या होत्या, शिक्के होते, वाचणारेही होते. फक्त 'तुमच्या गावाला अमुक पोती मंजूर आहेत' हा कागद त्या गावांत नव्हता. तो असता, तर पहिल्याच महिन्यात एखाद्या म्हातारीने विचारले असते, की माझे पोते कुठे आहे?

उलट बाजूही सांगतो, म्हणजे टाळे ठोकणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. वर्ल्ड व्हिजनचे गाझातले व्यवस्थापक महंमद अल-हलाबी ह्यांना इस्रायलने जून २०१६ मध्ये पकडले. पाच कोटी डॉलरांपर्यंत मदत हमासकडे वळवल्याचा आरोप होता. संस्थेने आपला हिशेब पुढे केला: गाझातला आमचा दहा वर्षांचा एकूण खर्चच सुमारे सव्वादोन कोटी डॉलर! संस्थेने नेमलेल्या स्वतंत्र तपासणीत आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या चौकशीत पैसा वळवल्याचा पुरावा आढळला नाही. तरीही बराचसा बंद दाराआड चाललेल्या खटल्यानंतर न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांना दोषी ठरवून बारा वर्षांची शिक्षा दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओलीस आणि कैदी ह्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. न्यायालयाने गुप्त पुराव्यात काय पाहिले ते आपल्याला दिसणे नाही. पण सव्वादोन कोटींतून पाच कोटी कसे वळतात, हा प्रश्न जगात कुणालाही विचारता आला, तो आकडा उघड्यावर होता म्हणूनच.

आपल्या मराठी मुलुखात हाच खेळ सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत फिरल्या, १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' निघाली, आणि तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. बोस्टनला त्याचा वार्षिक अहवाल इंग्रजीत छापला जाई, वर्गणीदारांची मंडळे आणि जमाखर्च ह्यांसह. पुण्यात मात्र वाद पेटला तो मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात की नाही, ह्यावर. 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर ह्यांनी सल्लागारपदाचा संबंध तोडला, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. त्या वादात कोण बरोबर होते, ह्यावर आजही भांडता येईल. मला दिसते ते एवढेच की, वैधव्य आलेल्या कोवळ्या मुलींसाठी दूरदेशीच्या बायकांनी पैसा गोळा केला, आणि त्या मुलींना काय मिळते आहे, काय हवे आहे, हा प्रश्न सोडून सगळ्या गोष्टींची चर्चा झाली. काढून नेलेल्या मुलींचे पुढे काय झाले, ह्याची फिकीर किती जणांनी केली असेल?

आज 'केसरी'ची जागा गृहखात्याने घेतली आहे. परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. दुसरा २०१० चा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तो पुरता आवळला गेला. परदेशातून येणारा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत यायला हवा; कारभारखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर; आणि आलेला पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. म्हणजे शहरातल्या मोठ्या संस्थेने खेड्यातल्या लहान संस्थेला हात देण्याची वाट बंद. लहान संस्था मेल्या तर मेल्या.

आणि कारवाया? कम्पॅशन भारतात १९६८ पासून होती. २०१६ मध्ये तिच्या पैशाला पूर्वपरवानगीची अट लागली. संशय धर्मांतराचा होता. संस्थेने तो नाकारला. मार्च २०१७ मध्ये तिने इथले काम थांबवले. ५८९ स्थानिक केंद्रे आणि सुमारे १ लाख ४५ हजार मुले! मदर तेरेसांच्या 'मिशनरीज ऑफ चॅरिटी'चे नूतनीकरण २५ डिसेंबर २०२१ रोजी, नेमके नाताळच्या दिवशी, 'प्रतिकूल माहिती' मिळाल्याचे सांगून नाकारले गेले आणि दोन आठवड्यांच्या आत बहाल झाले. प्रतिकूल काय होते आणि पंधरवड्यात अनुकूल कसे झाले, हे जनतेला कळले नाही. जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडियाची नोंदणी रद्द झाली. देशात सर्वाधिक परकीय निधी मिळवणाऱ्या संस्थांत तिची गणना होत असे.

नियम मोडला असेल तर जरूर कारवाई करावी. पण ज्या गावात केंद्र बंद पडले, त्या गावाला सरकारने काय सांगितले? किती पैसा थांबला, का थांबला, पोरांच्या फीचे काय? चकार शब्द नाही. उलट जुलै २०२२ मध्ये, परकीय देणग्यांचा तिमाही हिशेब संकेतस्थळावर मांडण्याचा नियमच सरकारने काढून टाकला. त्याच सुमारास गृहखात्याच्या संकेतस्थळावरून संस्थांची वार्षिक विवरणपत्रेही नाहीशी झाली. जे सरकार हिशेबाच्या नावाने संस्था बंद करते, तेच सरकार हिशेब लोकांच्या नजरेआड करते. २००५ चा माहिती अधिकार इथे फारसा उपयोगी नाही, कारण जी संस्था मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर चालत नाही तिला तो थेट लागू होत नाही. म्हणजे संस्थेने सांगायचे नाही, सरकारने सांगायचे नाही, आणि पोराच्या आईने देवाला विचारायचे. कुठल्या देवाला, हे ज्याने त्याने ठरवावे.

वाचकहो, हे सारे मी ह्या दिवाळी अंकात, सीमेवरच्या वाचकांपुढे का मांडतो आहे? कागदाच्या भाषेसाठी भांडण्यात आपली उभी हयात गेली म्हणून. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत मिळावेत, हे केंद्राने मान्य केलेले तत्त्व हाती घेऊन आपण कचेऱ्यांचे किती उंबरठे झिजवले! ज्या कागदाने माझ्या जमिनीचा, माझ्या पोराच्या शाळेचा निकाल लागतो, तो मला वाचता आला पाहिजे, एवढीच तर आपली मागणी. मग तीच मागणी सेवासंस्थांपुढे ठेवताना जीभ का अडखळते? मदतीत मिळाले म्हणून? दान घेतले की वाचण्याचा हक्क गमावतो की काय?

कानडी आईला कानडीत, मराठी आईला मराठीत, गावच्या केंद्राच्या भिंतीवर, वर्षातून एकदा. ह्या गावाच्या नावावर किती मुलांसाठी किती पैसा आला, कुणाकडून आला, वरच्या कचेऱ्यांत किती राहिला, गावात किती आला, शाळेवर किती, दवाखान्यावर किती, पगारावर किती. प्रार्थना आणि बायबलवर्ग ह्यांवर खर्च होत असेल तर तोही, स्वतंत्र ओळीत. ह्या ओळीला दोन्ही पक्ष बिचकतील, हे मला ठाऊक आहे. पण कम्पॅशन काय किंवा दुसरी कोणतीही संस्था काय, येशूच्या नावाने काम करतो हे उघड सांगत असेल, तर ते फळ्यावर लिहायला संकोच कसला? आणि फळ्यावर तो खर्च शून्य दिसला, तर आरोप करणाऱ्यांना गावकऱ्यांसमोर उभे राहून पुरावा द्यावा लागेल. कुजबुजीवर जगणाऱ्या दोन्ही बाजूंची त्याने पंचाईत होईल, हे खरे.

गावकऱ्यांना हिशेब कळत नाही, हे मला सुशिक्षितांकडूनच अधिक ऐकू येते. डेअरीवर दूध घालणाऱ्या बाईला फॅट किती लागली आणि दर काय मिळाला हे चिठ्ठीवरून कळते. बचत गटाच्या वहीतला व्याजाचा एक रुपया चुकला तर बैठक उठत नाही. राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांची हजेरीपत्रके भर सभेत मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तेव्हा ती ऐकून खोटी नावे ओळखणारे लोक अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हते. आणि आपला गणपती विसरलात काय? विसर्जनानंतर मंडळाचा जमाखर्च फळ्यावर लागतो. अकरा रुपये देणाराही तो वाचतो आणि मांडववाल्याला एवढे कसे दिले म्हणून चारचौघांत विचारतो.

ही मागणी माझ्या डोक्यातून निघालेली आहे असेही नाही. जगभरच्या मदतसंस्थांनी मिळून २०१४ मध्ये एक समान मानक ठरवले. ज्यांना मदत करायची त्यांना आपले हक्क आणि मिळणारी मदत ह्यांची माहिती असली पाहिजे, त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, तक्रारीला जागा असली पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. त्याप्रमाणे संस्था बैठका घेतात, तक्रारपेट्याही लावतात. पण काय मिळायला हवे होते हेच ठाऊक नसेल, तर पेटीत टाकायची तक्रार तरी काय लिहायची? भाषांतराला खर्च येतो, असे सांगण्याची तर सोयच नाही. शेळीच्या पिल्लांचे इंग्रजी करायला कचेरीत माणूस बसलेला आहे. त्यालाच वर्षातून एक दिवस उलट दिशेने बसवावे.

आता कुणी म्हणेल, ख्रिस्ती संस्थांनाच का धरता? आपल्या देवस्थानांचे, शिक्षणसंस्थांचे, पतसंस्थांचे फळे कुठे आहेत? परदेशातला पैसा हिंदू संस्थांनाही येतोच की. प्रश्न रास्त आहे. पतपेढीत घामाचा पैसा बुडाला म्हणून खेटे घालणारी माणसे आपल्याच गल्लीत आहेत, आणि वार्षिक सभेत अहवाल 'वाचला असे समजून' मंजूर करण्याची प्रथा काही रोमहून आलेली नाही. फळा लागायचा तर तो चर्चच्या केंद्रावर लागेल तसा देवळाच्या ओसरीवरही लागेल. माझी त्याला हरकत नाही. कुणाची असेल तर त्याने पुढच्या वार्षिक सभेत उभे राहून ती सांगावी, म्हणजे इतिवृत्तात नोंद होईल.